कानातला नाद

माउलीहो, नवविधा भक्तीत पहिले नाव श्रवणाचे आहे. कीर्तनाचा क्रम दुसरा. बोलणाऱ्याला ऐकणाऱ्याच्या मागे बसवले आहे आणि ते योग्यच आहे. ज्याने ऐकले नाही तो सांगणार काय? आपल्या संप्रदायात तर कानाचा मान फार मोठा. हरिपाठ आपण कानांनी शिकलो, चाली कानांनी उचलल्या, मृदंगाचा बोल चुकला तर डोळे मिटलेला म्हाताराही मान वर करतो. म्हणून कोणी "माझ्या कानात नाद येतो" असे म्हटले की आपले हात आपोआप जोडले जातात. आज त्या जोडल्या जाणाऱ्या हातांविषयी दोन शब्द बोलायचे आहेत.

अनाहत नाद ही आपल्या ग्रंथांत आलेली गोष्ट आहे. माउलींनी ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनीचे वर्णन करताना या नादाचा विचार केला आहे. हठयोगप्रदीपिकेच्या चौथ्या उपदेशात नादाच्या पायऱ्याच सांगितल्या आहेत. आधी समुद्र, मेघ, नगारा यांसारखे मोठे आवाज, मधे शंख आणि घंटा, शेवटी बासरी, वीणा, भुंगा. स्थूलाकडून सूक्ष्माकडे जाणारी ती वाट आहे. साधक आसनावर स्थिर झाला, श्वास आवरला, मन आत वळले, तर त्या अभ्यासाच्या ओघात ऐकू येणारी ती गोष्ट. स्वयंपाक करताना, शेतात खुरपताना, कुशीवर वळताना, न बोलावता येणारा आवाज ग्रंथांतल्या या वर्णनात बसत नाही. ही खूणगाठ आधी बांधून ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आमच्या दिंडीत डोईवर तुळस घेऊन चालणारी एक माउली आहे. पन्नाशी ओलांडलेली, धनी जाऊन बरीच वर्षे झालेली, मुले कामाला बाहेर, घरी एकटी. काही वर्षांपूर्वीच्या आषाढी वारीत पुण्याच्या मुक्कामी कुजबुज सुरू झाली की हिच्या उजव्या कानात विठ्ठल बोलतो. तिने स्वतः एवढेच सांगितले होते की दीड वर्षापासून कानात ठेका चालतो, रात्री जास्त ऐकू येतो, आणि मी त्यावर "विठ्ठल, विठ्ठल" म्हणत झोपते. ऐकणाऱ्यांनी त्यातले "मी म्हणते" गाळले आणि "विठ्ठल बोलतो" एवढेच पुढे नेले. दुसऱ्या दिवशी बाया तिच्या पाया पडू लागल्या. कोणी कानाला कान लावून बघितले. कोणी नारळ ठेवला. ती बिचारी संकोचाने तंबूच्या कडेला जाऊन बसू लागली.

मी तिला म्हटले, "माउली, तो ठेका जसा ऐकू येतो तसा मला बोटाने टाळावर वाजवून दाखवा." तिने दाखवला. जन्मभर टाळ-मृदंगात उभा राहिलेला माणूस लय ओळखतो. मी तिचे मनगट हातात घेतले. नाडी आणि बोट, दोन्ही एकाच वेळी पडत होते. एक मात्राही इकडेतिकडे नाही. पुढे दिवे घाट चढून आल्यावर पुन्हा विचारले, तर ठेका द्रुत झालेला. सासवडला पोचून हातपाय धुऊन निवांत बसल्यावर पुन्हा विलंबित. घाट चढताना जो नाद दम खातो, तो देहाचा नाद आहे. मी तिच्याजवळ एवढेच बोललो, आणि वारी झाल्यावर कानाच्या डॉक्टरांकडे जायचेच असे तिच्याकडून कबूल करून घेतले.

डॉक्टरांनी कानात दिवा घालून पाहिले. कानाचा पडदा एरवी मोत्यासारखा करडा, झिरझिरीत असतो. तिच्या पडद्यामागे लालबुंद काहीतरी दिसत होते आणि तेही ठेक्यात हलत होते. डॉक्टरांनी तिथे सुई लावली नाही की तुकडा काढला नाही. आधी सीटी स्कॅन, मग एमआरआय. निदान निघाले ते ग्लोमस गाठीचे. वैद्यकशास्त्रात या जातीच्या गाठींना पॅरागँग्लिओमा म्हणतात.

ही काय चीज आहे ते समजून घेऊ, कारण कीर्तनात सुद्धा आधी पदाचा अर्थ लावावा लागतो. आपल्या शरीरात काही ठिकाणी रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू यांच्या सोबतीने पेशींचे बारीक पुंजके असतात, तिळाएवढे किंवा तांदळाएवढे. मानेत मोठी धमनी जिथे दुभंगते, एक फाटा मेंदूकडे आणि एक चेहऱ्याकडे जातो, तिथे असा एक पुंजका आहे. रक्तातला प्राणवायू कमी झाला तर तो ओळखून मेंदूला कळवणे हे त्याचे काम. कानाच्या मधल्या पोकळीत आणि त्याखाली मानेच्या मोठ्या शिरेचा जो घुमट आहे तिथेही असे पुंजके असतात. कानातल्या या पुंजक्यांचे वर्णन स्टेसी गिल्ड या अमेरिकी शास्त्रज्ञाने 1941 साली केले, आणि त्यांच्यापासून होणारी गाठ हॅरी रोझेनवासर यांनी 1945 साली ओळखून मांडली. म्हणजे माणसाला हे ज्ञान होऊन शंभर वर्षेही झालेली नाहीत. त्याआधी ज्यांच्या कानात हा ठेका चालला असेल, त्यांना कोणी पिशाच्चबाधा म्हटले असेल, कोणी सिद्धी म्हटले असेल.

या पुंजक्यातल्या पेशी वाढू लागल्या की गाठ होते. तिच्यात रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला त्यातून रक्त उसळते, आणि ती कानाच्या यंत्राला खेटून बसलेली असल्यामुळे ती उसळी ऐकू येते. ठेका नाडीबरोबर चालतो तो यामुळे. गाठीला टोचले तर रक्त आवरत नाही, म्हणून जाणता डॉक्टर तिला सहसा हात लावत नाही, चित्र काढूनच ओळखतो.

डोके आणि मान यांच्या सगळ्या गाठी मोजल्या तर शंभरात एकही या जातीची भरत नाही, इतकी ती दुर्मीळ. कानातली गाठ पुरुषांपेक्षा बायकांत पुष्कळ जास्त दिसते, आणि तीही बहुधा चाळिशी ते साठीच्या दरम्यान. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात आणि फार सावकाश वाढतात, वर्षाला जेमतेम एखादा मिलिमीटर. पण सावकाश म्हणजे निरुपद्रवी नव्हे. कवटीच्या तळाशी एका लहानशा छिद्रातून मोठी शीर आणि तीन महत्त्वाचे मज्जातंतू खाली उतरतात. गाठ त्या बाजूला पसरली तर आवाज घोगरा होतो, पाणी पिताना ठसका लागतो, खांदा उतरतो. शेजारच्या मज्जातंतूवर दाब आला तर जीभ एका बाजूला वळते. चेहऱ्याचा मज्जातंतू सापडला तर तोंड वाकडे होते. माउलीहो, जीभ, गळा आणि कान एवढ्या तीन गोष्टींवर आपली सारी सेवा उभी आहे. ही गाठ नेमकी तिथेच हात घालते.

दिंडीत यावरून बोलणे झाले. आमच्यातले एक वयोवृद्ध विणेकरी मला म्हणाले, "बुवा, ती बाई सुखात होती. तिला एकटेपणात आधार मिळाला होता. तुम्ही तिला डॉक्टरकडे धाडून देवाची गाठ केलीत." त्यांचे बोलणे मी हसण्यावारी नेले नाही. एकटे माणूस रात्री कशाच्या आधाराने झोपते हे दुसऱ्याने हलक्याने घेऊ नये. पण मी त्यांना विचारले, "अण्णा, उद्या तिला त्या कानाने हरिपाठ ऐकू येईनासा झाला, परवा तिच्या तोंडून नामाचा उच्चार नीट निघेना, तर आपण तिला काय सांगणार आहोत? आपला मार्ग नामाचा की चमत्काराचा?" योगाची कठीण वाट ज्यांना झेपत नाही त्या आपल्यासारख्यांसाठी तर संतांनी नाम हाती दिले. नाम घेणाऱ्याला कानात काही वाजले पाहिजे, डोळ्यांपुढे काही चमकले पाहिजे, अशी अट त्यांनी कुठेच घातली नाही. अण्णा गप्प राहिले. पटले असे ते म्हणाले नाहीत, आणि मीही तो विषय ताणला नाही.

अण्णांपेक्षा अवघड प्रश्न त्या माउलीनेच विचारला. शस्त्रक्रियेचे ठरले तेव्हा ती मला म्हणाली, "महाराज, ही गाठ काढल्यावर माझा इठ्ठल जाईल का वो?"

चाळीस वर्षांच्या कीर्तनात मला अनेकांनी प्रश्न विचारले, द्वैत-अद्वैताचे, प्रारब्धाचे. असा प्रश्न कोणी विचारला नव्हता. मी तिला म्हटले, "मृदंगावर काय वाजते? ठेका. अभंगाचे शब्द मृदंग म्हणतो का? ते गाणारा म्हणतो. तुमच्या कानात गाठीने ठेका धरला होता. त्यावर नाम तुम्ही घातलेत. गाठ गेली तर ठेका जाईल. नाम कोणत्या स्कॅनमध्ये दिसले होते, की ते गाठीबरोबर निघून जावे?" ती हसली नाही, पण तिने मान हलवली.

तिची गाठ लहान होती आणि कानाच्या मधल्या पोकळीपुरतीच होती. ती कानाच्या वाटेनेच काढता आली. सगळ्यांचे इतके सोपे नसते. गाठ मोठी असेल तर शस्त्रक्रियेच्या एकदोन दिवस आधी जांघेतल्या धमनीतून बारीक नळी वर नेऊन गाठीला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या बंद करतात, म्हणजे काढताना रक्तस्राव कमी होतो. मज्जातंतूंच्या गुंत्यात असलेली गाठ काढण्याने नुकसान जास्त होणार असेल, तर नेमका मारा करणारे किरण देतात. त्याने गाठ नाहीशी होतेच असे नाही, पण बहुतेकांत वाढ थांबते. वय झाले असेल आणि त्रास नसेल, तर ठरावीक काळाने एमआरआय काढून फक्त लक्ष ठेवायचे, हाही एक शहाणपणाचा उपचारच आहे. थोड्या गाठी रक्तात असे द्रव्य सोडतात की रक्तदाब एकाएकी चढतो, छाती धडधडते, घाम फुटतो. म्हणून भूल देण्याआधी त्याचीही तपासणी करून घेतात.

शस्त्रक्रियेनंतर तिच्या कानातला ठेका थांबला. कानावरची पट्टी निघाली आणि घर लागले, तेव्हाच्या पहिल्या रात्रीविषयी ती म्हणाली, "घरातून माणूस उठून गेल्यावाणी वाटलं." दोन-तीन रात्री तिला झोप नव्हती. मग तिने अंथरुणावर पडल्या पडल्या मोठ्याने नाम घ्यायला सुरुवात केली. आधी ती कानातल्या लयीला धरून मनात म्हणत असे, आता लय तिची तिलाच धरावी लागते. कानाने ऐकू येणे पुष्कळ सुधारले आहे. पाया पडणारे मात्र कमी झाले, आणि त्याचे तिला फार बरे वाटते.

आणखी एक गोष्ट घडली. डॉक्टरांनी तिला विचारले, "घरात कोणाच्या मानेत गाठ आहे का?" तेव्हा निघाले की थोरल्या भावाच्या जबड्याखाली गाठ आहे आणि चरबीची गाठ म्हणून सगळ्यांनी सोडून दिली आहे. वडिलांनाही तशीच होती. भावाला तपासले तर मानेतली धमनी दुभंगते तिथली, त्याच जातीची गाठ. तिची एक खूण सांगतात. बोटांनी ती डावी-उजवीकडे सरकते, वर-खाली सरकत नाही, आणि हाताला ठोका लागतो. पेरूच्या अँडीज पर्वतात फार उंचावर, विरळ हवेत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या लोकांत ही मानेतली गाठ जास्त दिसते. प्राणवायू कमी, म्हणून त्या पुंजक्याला जन्मभर जास्तीचे काम. पण सपाटीवरच्या माणसाला, त्यातून एकाच घरात दोघा-तिघांना झाली, तर कारण बहुधा रक्ताच्या वारशात असते. या जातीच्या गाठी झालेल्या साधारण तीनांतल्या एकात वारशाचा दोष सापडतो. त्यातला एक मुख्य दोष 2000 साली ओळखला गेला, आणि त्याचा स्वभाव विलक्षण आहे. तो आईकडून आला तर बहुधा गाठ होत नाही, नुसता पुढे वाहिला जातो. वडिलांकडून आला तर गाठ होऊ शकते. आईकडून दोष घेतलेला मुलगा स्वतः बरा राहील, पण त्याच्या लेकरांत ती पुन्हा दिसू शकते. म्हणजे एक पिढी झाकली जाते आणि घराला वाटते की ते गेले. तिच्या घरी रक्ताची तपासणी झाली तेव्हा हाच दोष निघाला. भावाचे वय पाहून डॉक्टरांनी त्याची गाठ काढली नाही, लक्ष ठेवले आहे. भावाच्या मुलांची वेळेवर तपासणी झाली. एका बाईचा कान पाहायला गेले आणि तीन पिढ्यांचा हिशेब लागला.

आता भीती घालणे हा माझा हेतू नाही. कानात ठेका ऐकू आला म्हणजे गाठच, असे मुळीच नाही. रक्त कमी असले, रक्तदाब वाढला, थायरॉइडचे काम वाढले, मानेची धमनी आतून अरुंद झाली, कानात मळ किंवा पाणी साठले, तरी नाडीचा आवाज कानात येऊ शकतो, आणि ही कारणे या गाठीपेक्षा कितीतरी जास्त आढळतात. आपल्या वयाच्या मंडळींच्या दोन्ही कानांत रातकिड्यासारखी जी अखंड कुई ऐकू येते, तिला नाडीचा ठेका नसतो. ती बहुधा वयाने आणि आयुष्यभर टाळ-मृदंग व कर्ण्याजवळ उभे राहिल्याने आलेली असते. मनगट धरून बघण्याचा उपाय घरचा आहे, कोणालाही करता येतो. ठेका नाडीबरोबर चालत असेल, त्यातून एकाच कानात असेल, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. त्याच बाजूने ऐकू कमी येत असेल, कानातून रक्त येत असेल, आवाज बसून तीन आठवड्यांत सुटत नसेल, पाण्याचा ठसका वारंवार लागत असेल, तर उशीर करू नका. मानेतल्या गाठीवर चोळणे, शेक, डाग, सुई यांतले काही करू नका. तुळशीची माळ गळ्यात घालताना रोज हात मानेवरून फिरतोच. बोटांना काही नवे लागले तर घरात बोला.

दिंडीप्रमुखांना आणि तरुण कीर्तनकारांना एक विनंती आहे. तुमच्याकडे माणसे अनुभव घेऊन येतात. कोणाला प्रकाश दिसतो, कोणाला वास येतो, कोणाला नाद ऐकू येतो. त्यांची थट्टा करू नका, आणि घाईने आरतीही ओवाळू नका. आधी शेजारी बसा, नीट ऐका, आणि त्यांचे स्वतःचे शब्द काय होते ते विचारा. त्या माउलीने "मी म्हणते" असे म्हटले होते. ते दोन शब्द ज्यांनी गाळले त्यांनी तिची भक्तीच गाळली, कारण भक्ती त्या दोन शब्दांत होती. देवाने हात-पाय दिले तसे वैद्यही दिले आहेत. पाय सुजला तर वारीत आपण मलमपट्टी करून घेतो आणि पुढे चालतो. त्याने आपली निष्ठा कमी होत नाही. कानाचेही तसेच.

ती माउली या वर्षीही तुळस घेऊन निघाली आहे. उजव्या बाजूने हाक मारली तरी ओ देते. पांडुरंग आपणा सर्वांचे कान नाम ऐकण्यासाठी आणि वाणी नाम घेण्यासाठी शेवटपर्यंत शाबूत ठेवो, एवढेच त्याच्या चरणी मागणे.

रामकृष्ण हरि.